ताई, एकदा ‘कडाक’ करा ना!

मान अवघडली की आपण आधी बाम लावतो, मग रील्स बघतो आणि मग कुणीतरी आपली मान कडाक्‌कन वाजवून द्यावी असं वाटायला लागतं. त्याच हौसेनं मी एका कायरोप्रॅक्टरच्या टेबलापर्यंत पोचलो. पुढं जे झालं ते कुठल्याच रीलमध्ये नव्हतं!

सोमवार, सकाळचे सात. अलार्म बंद करायला उजवीकडे वळलो आणि... आई गं! मानेतून खांद्यात अशी कळ गेली की फोन हातातून सुटला. मान डावीकडे वळते, उजवीकडे वळायला तयार नाही. म्हणजे बाइकवर उजवीकडनं घुसणारी रिक्षा दिसणार नाही. पुण्यात राहणाऱ्या माणसाला सुट्टी घ्यायला एवढं कारण बास आहे. पण फ्रीलान्सरला सुट्टी कोण देणार? संध्याकाळी पाचची डेडलाइन होती. लॅपटॉप दोन डब्यांवर ठेवला आणि नजर समोर, मान ताठ, संचलनातल्या जवानासारखं बसून कॉपी दिली.

मग सल्ले सुरू. आई फोनवर म्हणाली, ‘तरी सांगत होते, उशी पातळ घे.’ रूममेटनं बाम दिला, तो डोळ्यात गेला. सोसायटीच्या वॉचमनकाकांचा इलाज सगळ्यात हटके. ‘आमच्या गावाला एक पायाळू म्हातारी होती. तिनं पाठीत लाथ घातली की उसण पळालीच!’ शहरी मंडळींसाठी खुलासा : जन्मताना डोक्याआधी ज्याचे पाय बाहेर येतात तो पायाळू. आणि उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा फंडा. शिवाय हाडवैद्य आहेत, चंपी झाल्यावर न विचारता मान ‘कट्’ करणारा सलूनवाला आहे. मणके वाजवून घेण्याची हौस आपल्याला काही आज लागलेली नाही.

फोनला तर माझं दुखणं माझ्याआधी कळलं होतं. रात्री उघडला तर रील्सच रील्स. कुणीतरी टेबलावर पालथा पडलाय, मानेजवळ माइक लावलाय, एक धिप्पाड माणूस दोन्ही हातांनी डोकं धरतो आणि... कडाक! पेशंट आधी दचकतो, मग हसतो, मग रडतो. खाली दहा लाख लाइक्स. दोन वाजेपर्यंत मी तेच बघत होतो. (मान वाकवून. फोनमध्ये. हो, माहितीये.)

सकाळी ठरवलं, बॉस, आपणही कडाक करून घ्यायचं. वर त्याची स्टोरीही करायची. संपादक म्हणाल्या, ‘कायरो... काय?’ कायरोप्रॅक्टिक. ग्रीक भाषेत हात आणि काम या अर्थाच्या दोन शब्दांपासून बनलेलं नाव. थोडक्यात, हातानं करायचं काम.

‘मला डॉक्टर म्हणू नका’

कोथरूडमध्ये एका जुन्या बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं क्लिनिक आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास, आधी पुण्यात फिजिओथेरपी, मग अमेरिकेत कायरोप्रॅक्टिकची पदवी. बोलायला तयार झाल्या, पण नाव छापायचं नाही या अटीवर. ‘जाहिरात नकोय. आणि जे सांगणार आहे ते नावासकट सांगवणार नाही.’ मी पहिल्यांदा ‘डॉक्टर’ म्हटलं तर लगेच अडवलं. ‘तिकडं म्हणतात. इथं मला डॉक्टर म्हणू नका. लोकांचा गोंधळ होतो. ताई म्हणा.’ तर ताई.

आत शिरताना मी उत्साहात होतो. टेबल बघून ठेवलं. मधे फट असलेलं, तोंड खुपसायला भोक असलेलं, अगदी रीलमधल्यासारखं. पण ताईंनी मला बसवलं खुर्चीवर आणि पाऊण तास नुसते प्रश्न. दुखणं कधी सुरू झालं, कुठून कुठं जातं, रात्री दुखून जाग येते का, वजन उतरलंय का, ताप, अपघात, चक्कर, डोळ्यांपुढं दोन दोन दिसणं, लघवी-संडासवरचा ताबा... ‘अहो ताई, मान दुखतीये फक्त!’ मी म्हणालो. त्या लिहीत राहिल्या.

मग छोट्या हातोडीनं कोपराजवळ टकटक, कापसानं बोटांना स्पर्श, ‘माझा हात ढकल, आता ओढ.’ मधेच मी सहज बोलून गेलो की उजव्या अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला दोनेक आठवडे मुंग्या येतायत. टायपिंग जास्त झालं असेल.

ताईंनी पेन खाली ठेवलं.

‘आज मी तुझ्या मानेला झटका देणार नाही.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे आधी स्पाइनच्या डॉक्टरांना दाखव. चिठ्ठी देते. हाताकडं जाणारी नस दाबली जातीये का, ते त्यांना बघू दे.’

खरं सांगतो, माझा पारा चढला. दीड हजार भरलेले, फोटोग्राफर खाली चहा पीत थांबलेला, आणि कडाक नाहीच? ‘ताई, एकदा करा ना. स्टोरीसाठी!’

‘अरे, स्टोरी महत्त्वाची की मान?’ ‘तुम्ही’वरून ‘तू’वर त्या कधीच आल्या होत्या. मीही मग वाद घातला नाही. चहा मागवला, आणि कडाकऐवजी गप्पा मिळाल्या. सांगायचं तर त्याच जास्त भारी निघाल्या.

मिसिसिपीकाठची गोष्ट

ताई शिकल्या ते गाव डेव्हनपोर्ट. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावर. थंडी अशी की पहिल्या डिसेंबरात त्यांनी आईला फोन करून परत येते म्हणून सांगितलं होतं. कायरोप्रॅक्टिकचा जन्म याच गावातला. त्यामुळं तिथं राहून ही गोष्ट चुकवताच येत नाही, त्या म्हणाल्या.

गोष्ट अशी. डॅनियल डेव्हिड पामर नावाचा मूळचा कॅनडाचा माणूस. शाळामास्तरकी करून झाली, किराणा दुकान झालं, मधमाश्या पाळून झाल्या, मग हातातल्या ‘चुंबकीय’ शक्तीनं लोकांना बरं करायला लागला. त्याच्या ऑफिसच्या इमारतीत साफसफाई करणारा हार्वे लिलार्ड नावाचा माणूस सतरा वर्षं जवळजवळ बहिरा होता. पाठीत काहीतरी मोडल्यासारखं वाटलं आणि तेव्हापासून ऐकू येईना, असं तो सांगायचा. १८ सप्टेंबर १८९५ या दिवशी पामरनं त्याच्या पाठीतला एक मणका दाबून ‘जागेवर बसवला’ आणि लिलार्डला ऐकू यायला लागलं. झालं! पामरनं ठरवलं की बहुतेक सगळ्या रोगांचं मूळ मणक्यांत आहे.

‘यात गंमत काय माहितीये?’ ताई हसत म्हणाल्या. ‘कानाची नस पाठीतनं जातच नाही. कानातून निघते आणि कवटीच्या आतल्या आत मेंदूत जाते. आणि लिलार्डच्या मुलीनं पुढं वेगळंच सांगितलं. बाबा कुणाला तरी विनोद सांगत होते, पामर तिथं आला, आणि त्यानं हसता हसता हातातल्या जाड पुस्तकासकट त्यांच्या पाठीवर थाप मारली!’

म्हणजे अख्खा धंदा एका विनोदावर उभा आहे की काय, कुणास ठाऊक. पण तो उभा राहिला. पामरनं शाळा काढली, १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून तुरुंगाची हवा खाल्ली. त्याचा मुलगा बी. जे. तर पक्का सेल्समन. त्यानं शाळा मोठी केली, एक्स-रे मशीन आणलं, डब्ल्यूओसी हे रेडिओ स्टेशनसुद्धा चालवलं. पुढं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगननी १९३२ मध्ये रेडिओतली पहिली नोकरी केली ती याच स्टेशनवर.

डॉक्टर मंडळी अर्थातच भडकली. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं भोंदूगिरीविरुद्ध खास समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणं डॉक्टरांसाठी अनैतिक ठरवलं. १९७६ मध्ये चेस्टर विल्क आणि आणखी काही कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले. अकरा वर्षं खटला चालला. १९८७ मध्ये निकाल लागला की असोसिएशनचा हा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. ताईंच्या मते आपले लोक हा निकाल चुकीचा वाचतात. ‘कोर्टानं बहिष्कार बेकायदा ठरवला. पामर बरोबर होता असं म्हटलं नाही. ते प्रयोग करून दाखवायचं काम आमचं होतं, आणि त्यात आम्ही फार वर्षं आळस केला.’ ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या परिषदेनंच २०१० मध्ये सांगून टाकलं की सरकलेल्या मणक्यामुळं रोग होतात ही कल्पना आता इतिहासातली समजा, तिला संशोधनाचा आधार नाही.

स्वतःच्याच दुकानाबद्दल इतकं रोखठोक बोलणारी बाई मला क्वचितच भेटलीये.

मग तो आवाज कसला?

‘हाड जागेवर बसल्याचा’ असं आपल्याला वाटतं ना? साफ चूक. सांध्यात एक बुळबुळीत द्रव असतो. सांधा झटक्यात ओढला की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात विरघळलेल्या वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी चक्क एमआरआय मशीनमध्ये बोटं मोडायला लावून याचं शूटिंग केलं. आवाज पोकळी तयार होताना येतो, असं त्यांना दिसलं. २०१८ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी गणित मांडून सांगितलं की नाही, तो बुडबुडा अर्धवट फुटताना येतो. भांडण चालू आहे. पण बुडबुडा आहे, हाड नाही, यावर दोघांचं एकमत.

आणि आईसाहेबांसाठी खास : बोटं मोडल्यानं संधिवात होतो का? डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं साठहून जास्त वर्षं फक्त एकाच हाताची बोटं मोडली. दोन्ही हात सारखेच राहिले. २००९ मध्ये त्याला या चिकाटीबद्दल इग नोबेल मिळालं. घरी सांगून बघा. माझ्या आईवर ढिम्म परिणाम झाला नाही.

‘आवाज न येताही फरक पडतो, आणि मोठ्ठा आवाज येऊनही काही होत नाही,’ ताई म्हणतात. ‘पण लोक पैसे आवाजाचे देतात. सुरुवातीला मीही आवाज विकला.’

‘मणक्यात गॅप आहे’

ताईंना सगळ्यात जास्त चीड कशाची असेल तर या वाक्याची. घरोघरी ऐकू येतं. ‘त्यांना वाकायचं नाही हं, मणक्यात गॅप आहे.’ एकदा गॅप म्हटलं की माणूस बादली उचलत नाही, नातवाला घेत नाही, कंबरेला पट्टा बांधून टीव्हीसमोर बसतो. आणि बसल्यामुळं आणखी दुखतं.

ड्रॉवरमधून त्यांनी एक कागद काढला. त्या तो प्रत्येक घाबरलेल्या पेशंटला दाखवतात. २०१५ मधला अभ्यास, पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३११० लोकांच्या स्कॅनचा. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजायला लागलेल्या. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के. गादी थोडी बाहेर आलेले विशीत ३० टक्के. आणि दुखत कुणालाच नव्हतं!

‘केस पिकतात तशा गाद्या झिजतात. पिकल्या केसांना कुणी आजार म्हणत नाही. माझ्याकडं माणूस येतो तो अर्धा दुखण्यानं आणि अर्धा रिपोर्टच्या भीतीनं वाकलेला असतो. ती भीती काढली की अर्धं काम झालं. हाताचं काम नंतर.’

मी विचारलं, मग तुमच्या हाताचं नक्की काम काय? कारण कायरोप्रॅक्टिकचे ‘इतर फायदे’ म्हणून वाट्टेल ते ऐकू येतं. दमा जातो, पित्त जातं, प्रतिकारशक्ती वाढते, मूल होतं, मुलाचे मार्क वाढतात.

ताईंनी हात जोडले. ‘यातलं काहीही मी करत नाही. तान्ही बाळं तर मी टेबलावर घेतच नाही. कंबरदुखीत थोडा फरक पडतो, एवढं नक्की.’ थोडा म्हणजे किती? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकानं आधीच्या २६ प्रयोगांचा हिशोब मांडला. नुकत्याच सुरू झालेल्या कंबरदुखीत मणक्यांवरच्या या उपचारानं दुखणं शंभरपैकी साधारण दहा गुणांनी उतरतं. जादू नाही, पण सहज मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या आसपास. त्याच वर्षी तिथल्या फिजिशियनांच्या संघटनेनं सल्ला दिला की अशा कंबरदुखीत आधी शेक, मालीश, मणक्यांवरचे हातांचे उपचार वगैरे बघा, गोळ्या नंतर. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. माहिती देणं, व्यायाम, मानसिक आधार यांच्या जोडीला मणक्यांवरच्या हातांच्या उपचारालाही त्यात जागा आहे. आणि नेहमी देऊ नका म्हणून सांगितलेल्या गोष्टींत कोण आहे माहितीये? कंबरेचा पट्टा! आमच्या घरी तो दाराच्या खिळ्याला दहा वर्षं लटकतोय.

हा काही किरकोळ विषय नाही. २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांची कंबर दुखत होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढं जाईल असा अंदाज आहे. त्यात खुर्चीला चिकटलेले तुम्ही-आम्ही आलोच.

पण शंभरातल्या दहा गुणांसाठी लोक वर्षानुवर्षं ताईंकडं का येतात? त्यांचं उत्तर मला पटलं. ‘दुखणं उतरलं की दोन-चार दिवसांची खिडकी उघडते. त्या खिडकीत मी माणसाला उठवते. चाल, जिना चढ, वाक. मग झोप लागते. झोप लागली की चिडचिड कमी, गोळ्या कमी. याला इतर फायदे म्हणायचं तर म्हण. पण ते चालण्याचे आहेत, माझ्या अंगठ्याचे नाहीत. आणि एक आहे. मी पाऊण तास ऐकते. पासष्टीच्या पुढच्या कितीतरी बायका, ज्यांच्या पाठीवर वर्षात कुणी हात ठेवलेला नाही... त्यांना बरं वाटतं ते कशामुळं, हे मोजायला जाऊच नये.’

सहा आठवडे

तिसऱ्या चहाला मी विचारलं, ते सुरुवातीचे प्रश्न इतके कशाला? वजन, रात्रीचं दुखणं... मानदुखीवाल्याला संडासबद्दल कुणी विचारतं का?

ताई जरा वेळ गप्प बसल्या.

२०१२ मध्ये त्या परत आल्या. नवीन पदवी, नवीन टेबल, ‘हात नुसते शिवशिवत होते.’ पहिले पेशंट बाबा. बँकेतून रिटायर झालेले, कंबर जुनीच दुखरी. मुलगी अमेरिकेतनं शिकून आलीये म्हणून मोठ्या कौतुकानं टेबलावर झोपायचे. आठवड्यातनं एकदा. आवाज आला की शेजाऱ्यांना हाक मारून सांगायचे. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा दुखायचं. ‘रात्री जास्त दुखतं गं,’ असं ते एकदा म्हणाले होते. पँट सैल झाली म्हणून पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं. ते भोक ताईंनीच पाडून दिलं होतं.

सहा आठवड्यांनी आई म्हणाली, एकदा डॉक्टरांना दाखवूया. कर्करोग प्रोस्टेटमधून मणक्यात उतरला होता.

‘कॉलेजात हे सगळं शिकले होते. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. रात्रीचं दुखणं, उतरणारं वजन, साठीपुढचा पुरुष. कुणी परका असता तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं. बाबांना विचारलंच नाही. पोखरलेल्या मणक्यावर मी सहा वेळा झटका दिला. तो मोडला नाही हे नशीब, माझं कौशल्य नव्हे.’ डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे आधी कळतं तरी फारसा फरक पडला नसता. बाबा २०१४ मध्ये गेले. शेवटपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त एकदा म्हणाले, ‘तुझ्या हातानं बरं मात्र वाटायचं.’

ताईंनी खिडकी उघडली, बंद केली. फोटोग्राफर कधीचा निघून गेला होता, बरंच झालं.

तेव्हापासून प्रश्नांचा तो कागद. शिकलेला असो, ओळखीचा असो, दर भेटीला तेच. आणि मानेवरचा जोराचा झटका जवळपास बंदच. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी भोकं असतात आणि त्यातून मेंदूकडं रक्त नेणाऱ्या दोन वाहिन्या वर चढतात. क्वचित या वाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडते, तिथं गुठळी होते, आणि गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. अमेरिकेतल्या हृदयरोग आणि पक्षाघाताच्या संघटनांनी २०१४ मध्ये या विषयावर निवेदन काढलं. झटक्यामुळंच चीर पडते हे सिद्ध झालेलं नाही, आधीच चीर पडून मान दुखते म्हणून माणूस कायरोप्रॅक्टरकडं येतो असंही असू शकतं. पण संबंध दिसतो, तेव्हा मानेला हात लावण्याआधी पेशंटला हे सांगा, असं त्यात म्हटलंय. ‘सांगितल्यावर दहातले आठ जण म्हणतात, राहू द्या मग,’ ताई म्हणाल्या. ‘रील करणारे हे सांगतात का?’

ज्यांची मान आजवर सलूनमध्ये फुकटात ‘कट्’ झालीये, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचायला हरकत नाही. आणि मान अचानक, कधी नव्हे अशी दुखतीये, सोबत चक्कर, बोलताना जीभ अडखळणं, एकाचं दोन दिसणं असं काही असेल तर ताईंकडंसुद्धा जायचं नाही. थेट हॉस्पिटल.

बोर्ड लावायला काय लागतं?

आपल्याकडं कायरोप्रॅक्टिकला स्वतःचा कायदा नाही, स्वतःची नोंदणी परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये सांगितलं की पूर्ण शिक्षण म्हणजे किमान ४२०० तास, त्यातले हजार तास तरी देखरेखीखाली पेशंट तपासत. आपल्याकडं शनिवार-रविवारचा कोर्स करूनही कुणी बोर्ड लावू शकतो. म्हणून टेबलावर झोपण्याआधी विचारा : कुठं शिकलात, किती वर्षं, फिजिओथेरपीची किंवा डॉक्टरकीची पदवी आहे का? पहिल्याच दिवशी चाळीस सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारणारा भेटला तर चप्पल घालून निघा. आणि ज्यानं काही न विचारता, न तपासता मान धरली, त्याच्याकडनं तर पळतच सुटा.

माझं काय झालं? स्पाइनच्या डॉक्टरांनी तपासलं, एमआरआय काढला. मानेतल्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी थोडी बाहेर आलीये, अंगठ्याकडं जाणाऱ्या नसेला लागतीये. ऑपरेशन वगैरे काही नाही. व्यायाम करा, थांबा, हातातली ताकद कमी झाली तर लगेच या. रिपोर्ट वाचून माझी टरकली होती हे कबूल करतो. तो ३७ टक्केवाला कागद दोनदा आठवला.

मग पुन्हा ताई. तीन भेटी. मानेला झटका नाहीच. खांद्यांवर, पाठीच्या वरच्या भागावर हातांचं काम, हनुवटी आत ओढायचा एक वेडगळ दिसणारा व्यायाम, दर अर्ध्या तासानं खुर्चीतून उठायचा अलार्म, आणि सकाळी वेताळ टेकडी. लॅपटॉप आता डब्यांवर नाही, तीनशे रुपयांच्या स्टँडवर. सहा आठवड्यांत मुंग्या गेल्या. ताईंमुळं? ‘बहुतेकांच्या आपोआपही जातात,’ ताईच म्हणाल्या, आणि फी घेतली.

तिसऱ्या भेटीत पालथा पडलो असताना पाठीत एकदा बारीक आवाज झाला. टक्. पेनाचं टोपण लावल्यासारखा.

‘हे काय? एवढंच?’

‘हिरमुसलास?’ ताई हसल्या. ‘ऊठ आता. पुढचे आलेत.’

बाहेर सत्तरीचे एक काका काठी टेकून उभे होते. ‘ताई, आज जरा जोरात कडाक होऊ द्या,’ म्हणत ते थेट टेबलाकडं निघाले. ताईंनी त्यांना खुर्ची दाखवली आणि कागद पुढं ओढला.

‘बसा काका. रात्री दुखून जाग येते का?’

‘अहो, गेल्या गुरुवारीच विचारलंत की हे सगळं!’

‘हो ना. वजन?’